थेरपीचा ससा

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मुलगी येऊन गेली. कुठल्याशा संस्थेचा एक ससा ठेवून गेली. पांढरा, एक कान पडलेला. म्हणाली, थेरपीचा ससा आहे बाबा, महिनाभर राहू द्या तुमच्याकडे. म्हणजे याची थेरपी चालू असणार. बिचाऱ्याचं काय बिनसलंय ते विचारायचं राहिलं, ती घाईत होती. निघताना दारातून म्हणाली, 'नीट सांभाळ हं.' बापाला एकेरी. आजवर कधी अशी बोलली नाही. आई गेल्यापासून पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही. माफ केलं.

शाळेत पी.टी. शिकवण्यात जन्म गेला. भलीभली कार्टी सरळ केली, हा तर ससा. नाव ठेवलं हवालदार.

४ फेब्रुवारी
टाइमटेबल केलं. सहाला उठणे, व्यायाम, नाश्ता. हवालदार उठला. मी रात्री खुर्चीतच झोपलो होतो, म्हणून उशीर. पलंग फार मऊ आहे, पाठीला सोसत नाही. ही गेल्यापासून जास्तच मऊ झालाय.

७ फेब्रुवारी
जेवायला परत ब्रेड. स्वयंपाक येत नाही असं नाही, पण कुकरच्या शिट्टीने हवालदार बिचकेल. भाजीवालीकडून त्याचं गाजर आणलं. म्हणाली, सर, बाई गेल्यापासून फार वाळलात. मुद्दाम वजन उतरवतोय म्हणून सांगितलं.

उद्यापासून व्यायाम नक्की.

११ फेब्रुवारी
व्यायाम सोमवारपासून.

हवालदार सारखा खुर्चीपाशी घुटमळतो. हिने माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर तिथे असतो. एक बाही राहिली. आठवण वगैरे म्हणून नव्हे, पाठीला टेका म्हणून ठेवलाय.

१५ फेब्रुवारी
बाजारातून आलो तर स्वेटरची झालेली बाहीही गेली. हवालदार लोकरीच्या ढिगावर आडवा. ओरडलो. एवढा आवाज कधी ग्राउंडवरही काढला नव्हता. त्याला बाल्कनीत ठेवून दार लावलं. उद्या संस्थेला फोन करतो, घेऊन जा म्हणावं. डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन.

१६ फेब्रुवारी, सकाळ
फोन केला नाही. लाइन बिझी असणार. कालचं गाजर तसंच पडलंय. नाटकं करतोय.

दुपार
नाटकं नाहीत. डॉक्टरकडे नेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सशाने खाणं सोडलं की जिवावर बेततं. आता जवळ बसा, एकटं सोडू नका, स्वतःही त्याच्यासमोर जेवा. औषध लिहून दिलं. ते आणायला मी कंपाउंडरला पाठवलं. हिच्या वेळी मीच औषध आणायला खाली गेलो होतो. वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आज टेबलापासून हललो नाही.

परत येताना मांडीवरची टोपली थरथरत होती. बसचे धक्के.

१७ फेब्रुवारी
भात लावला. शिट्टीला हवालदार अजिबात बिचकला नाही. ताट घेऊन जमिनीवर त्याच्या शेजारी बसलो. मी एक घास खाल्ला, त्याने तोंड फिरवलं. मी दुसरा खाल्ला. बऱ्याच वेळाने त्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली. मी पुन्हा भात वाढून घेतला, केवळ त्याच्या ट्रीटमेंटसाठी. मग रडू आलं. ते मात्र माझंच होतं.

२० फेब्रुवारी
पलंगावर झोपलो. हवालदाराला एकट्याला भीती वाटते.

३ मार्च
संस्थेच्या बाई आल्या, मुलगीही. मी तोंडी रिपोर्ट दिला. हवालदार खातो, झोपतो, शिट्टीला घाबरत नाही. थेरपी सक्सेसफुल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सर, त्याला काही झालंच नव्हतं. ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे आम्ही त्याला पाठवतो. बरीच वर्षं तो हेच काम करतोय.

मुलगी नखं बघत बसली होती.

बाईंनी विचारलं, मग आता नेऊ का त्याला? मी म्हटलं, राहू द्या थोडे दिवस, पेशंट अजून पुरता बरा नाही. कोणता पेशंट ते त्यांनी विचारलं नाही.

निघताना मुलगी दारात वळली. मला म्हणाली, येते बाबा, तुम्ही जेवत जा. मग परत तेच म्हणाली, 'नीट सांभाळ हं.' या वेळी मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली, माझ्या पायाशी बघत होती.

एकेरी ती मला कधीच बोलली नव्हती.