तळ्याला भरती नसते

१६ एप्रिल, वज्रेश्वरी.
लिही गं सुगंधा. मी फोनवर बोलते, तू वहीत उतरव. अक्षर तुझं, अक्कल माझी. सून असल्याचा एवढा तरी उपयोग.
आज टेमघरहून निघाले. पिशवीत दोन लुगडी, गळांची डबी. प्रकाश रिक्षापर्यंत आला, तोंड पाडून. "आये, अडुसष्टाव्या वर्षी नोकरी? लोक काय बोलतील?" म्हटलं, विचारून ये, तोवर बसते. "आठ दिवसांत रडत फोन करशील." पोरगा माझा, जीभ बापाची.
काम असं: शेठचं फार्महाउस, मोठं तळं. शहरची माणसं हौसेनं गळ टाकायला येतात, त्यांना मासा कुठं ते दाखवायचं. शेठ बाजारात माझ्याकडनं मासळी घ्यायचा, तेव्हाची ओळख. आठ दिवस बघणार. जमलं तर पाऊस लागेपर्यंत, नाहीतर परत टेमघर, परत तो टीव्ही. पाच वर्षं बघितला. पुरे.

१७ एप्रिल. अवस.
फजिती. लपवू नको, लिही.
भिवंडीचे एक लूमवाले नि त्यांची बेगम आले. शुक्रवार, कापडाचे लूम बंद. गळाची काठी एवढी चकचकीत की माशानं तोंड बघावं. मी ऐटीत सांगितलं, आज अवस, उधाण हाय, बाराला पाणी चढेल, मासा कडेला येईल. तोवर चहा घ्या. कशेळीच्या खाडीवर चाळीस वर्षं हेच केलं.
बारा वाजले. एक वाजला. पाणी जिथल्या तिथं.
लूमवाले म्हणाले, "अम्माजी, मछली ने टाइम दिया था क्या?"
तेव्हा डोक्यात उजेड पडला. तळ्याला कसली आलीय भरती! मीच आधी हसले. शेठ हसला न्हाय.
(आम्ही इकडे खूप हसलो. – सु.)

१९ एप्रिल.
परवाचं वाचून दाखवलंस, ऐकलं. तुझं हसू माझ्या वहीत कशाला?
काल नि आज दुपारपर्यंत गळ टाकलाच नाही. नुसती बांधावर बसून पाणी बघितलं. शेठला वाटलं, म्हातारी दमली. दुपारी वाडीतल्या म्हशी तळ्यात उतरतात. तासभर डुंबतात, शेण टाकतात, तळ ढवळतात. त्या बाहेर पडल्या की गढूळ पाण्याच्या कडेला बुडबुडे. रोहू! खायला येतो.
कणकेचा गोळा लावून गुपचूप गळ टाकला. तीन काढले. परत सोडले, इथला नियम. कालवणाच्या आकाराचा मासा हातानं पाण्यात सोडायचा म्हणजे...

२४ एप्रिल. शुक्रवार. आठ दिवस भरले.
लूमवाले परत आले! मला हसायलाच आले असणार. शेठ मागं हाताची घडी घालून उभा. म्हटलं, म्हशी निघेपर्यंत काठीला हात लावायचा न्हाय.
"भैंस का मछली से क्या रिश्ता?"
"बैठो. दिखाती."
म्हशी निघाल्या. बेगमला साधी काठी दिली, गढुळाच्या कडेला टाकायला लावली. दोरीवरचं तरंगतं बूच थरथरलं. "अभी नहीं." गप्पकन खाली. "खींचो!" असला रोहू, की तिच्या किंकाळीनं बगळे उडाले. तो सोडला तोवर दुसरा. नवऱ्याची चकचकीत काठी कोरडीच.
त्याला म्हटलं, "मछली ने टाइम दिया था. आप पिछले हफ्ते आ गये."
हे मोठ्या अक्षरात लिही. शेठ म्हणाला, "आजी, पाऊस लागेपर्यंत राहा." हे त्याहून मोठ्या. आणि प्रकाशला वाचून दाखव. दोनदा.

१० मे.
आता फोन करणारे तळ्याचं विचारत नाहीत. "भैंसवाली अम्मा हाय का?" नसेल तर येत नाहीत. आज एका मोठ्या डॉक्टरला गप्प बसवलं. त्याला म्हणे दवाखान्यात कोणी उलटून बोलत नाही. इथं मी बोलते.
गुडघे दुखतात. हे प्रकाशला वाचू नको.

६ जून.
ढग जमलेत, सीझन संपला. प्रकाश न्यायला आलाय. शेठ म्हणतो, बारा महिने राहा, खोली देतो. प्रकाश म्हणतो, "आये, पुरे झालं. घर तुझंच हाय ना?" बोलताना आवाज जरा... असो. दोघं माझ्याकडं बघायला लागले.
प्रकाशच्या हातात काठी दिली. म्हटलं, आधी एक मासा काढ, मग माझी पिशवी उचल.
तासभर बसलाय तुझा नवरा. मोबाइल खिशात. एवढा गप्प तर शाळेतही बसला नव्हता. पाठीमागून बघितलं तर थेट बाप.
थांब गं, बूच हललं. माझ्याकडं बघतोय, ओढू का म्हणून. आता काय सांगू याला?