नामाचे ब्रश

४ फेब्रुवारी १९८४
मैनाने नामाचा डबा उघडला. नामा गेला तेव्हापासून, चार महिने माळ्यावर होता, मीच ठेवला होता. पॉवर हाऊसच्या ड्युटीवरून घरी आलो तर दारातच टर्पेंटाइनचा वास. क्षणभर वाटलं, नामाच आला कामावरून. आत ही पंधरा वर्षांची पोरगी भावाचे ब्रश रॉकेलमध्ये धूत बसलेली. म्हणाली, "कडक झालेत, बाबा. असे ठेवतात का कुणी?"
रात्री जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी
तिला पेंटर व्हायचं आहे. पाट्या, भिंती, दुकानांची नावं — नामा करायचा ते सगळं. आमची ही म्हणाली, "करू दे. एवढ्या दिवसांत आज हसली पोर." मी बरं म्हणालो.
शिकवायला कर्जतात श्रीपत पेंटर. नामालाही त्यानेच शिकवलं. दुसरा कुणी नाही.

८ फेब्रुवारी
मला शिडीची भीती वाटते, असं हिला सांगितलं. ते अर्धं खरं. इथे तरी पूर्ण लिहितो.
खालापूरला भातगिरणीच्या भिंतीवर नामा नाव लिहीत होता. रविवार, म्हणून मी सोबत गेलो. खाली तूस सांडलेलं. शिडी सरकेल म्हणून श्रीपतने मला ती धरायला उभं केलं. तो बाजूला रंग कालवत होता. मालकाने चहाला हाक मारली. मी गेलो. कप हातात घेतला आणि आवाज आला.
लोकांना सांगितलं — शिडी सरकली. हिलाही तेच. श्रीपत गप्प राहिला. तेव्हापासून त्याच्या दुकानावरून जात नाही मी. आता पोरगी रोज त्याच्यासमोर बसणार.

१२ फेब्रुवारी, रविवार
मैनाला घेऊन गेलो. श्रीपतने स्टूल पुढे सरकवलं. "बसा, भाऊ." बसलो नाही.
तिला म्हणाला, "पयलं अक्षर नाय हां. पयली रेघ. महिनाभर नुसत्या रेघा. कंटाळलीस तर घरी भाकऱ्या थापायच्या."
"भाकरी पण गोल येत नाही मला."
"मंग तर पेंटरच हो गं बाय!"
मी म्हणालो, शिडीवर चढवायचं नाही. तो म्हणाला, "नाय चढवत." माझ्याकडे बघत राहिला. मी निघालो.
मैना दिवे लागताना आली. दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून पडली. काय बोलला असेल तो? विचारायची हिंमत झाली नाही.

२६ फेब्रुवारी
आज तिने मागच्या भिंतीवर खडूचा दोरा मारला. निळी पूड लावलेला. दोन टोकं ताणून धरायची, मध्ये ओढून सोडला की सरळ रेघ उमटते. एक टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा, बाबा. सोडायचं नाही."
हात घामाने भिजला. पूड बोटांना चिकटली. रेघ मात्र सरळ आली.

११ मार्च
घरात नामाचा एकच फोटो. त्यावरून मोठं चित्र काढायला घेतलं तिने. फोटोवर काच ठेवून, काचेवर चौकटी आखून एकेक चौकट उतरवायची असते म्हणे. पोरीने थेट फोटोवरच पेन्सिलीने रेघा ओढल्या!
मी ओरडलो. "सांभाळता येत नाही ते हातात घेऊ नये."
ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."
तिला कळलं आहे. पण कसं कळेल? झोप येत नाही.

१२ मार्च
मैनाने पावाच्या तुकड्याने रेघा पुसल्या. कपाळावरची एक राहिली.

२ मे
वस्तीतली मंडळी आली होती. बुद्धपौर्णिमेच्या आत विहारावर नाव लिहून हवं, आणि ते मैनाने. जमिनीपासून बारा फुटांवर. मी नाही म्हणालो. मैना उठून आत गेली.

६ मे
चार दिवस मैना बोलत नाही. पाणी आणून देते, तांब्या खाली ठेवते आणि जाते. नामाही असाच रुसायचा.

९ मे
श्रीपत घरी आला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. "शिडी मी धरतो, भाऊ. तुमी घरात बसा." हिच्यासमोर म्हणाला. मी मान हलवली.

१३ मे, रविवार
संध्याकाळी ब्रश पुसता पुसता मैना म्हणाली, "श्रीपतकाकांना नको सांगितलं मी."
मग शिडी कोण धरणार?
"तुम्ही."
मी म्हणालो, माझ्याने होणार नाही. कारण सांगायला तोंड उघडलं. तिने सांगू दिलं नाही.
"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मीच विचारलं होतं." ब्रश डब्यात ठेवले, एकेक. "सकाळी सातला निघू. ऊन व्हायच्या आत."

१४ मे
सात ते साडेअकरा. दोनदा चहा आला. शिडी धरून होतो.