मधल्या वाटीतलं लिंबू

मंगळवार, ९ मार्च

थोरलीस धाकटीचा नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना मात्र अजून माझा खांदा लागतो. लेकीची परीक्षा एकदाची संपली. गॅलरीतला पुदिना पुन्हा वाळला. माझ्या हाताला झाडं लागत नाहीत हे तू पूर्वीच सांगितलं होतंस. नातवाला दोन दात आले हे वाचून बरं वाटलं. झाली खुशाली. आता रागाचं लिहिते.

तू विचारलंस, "कोंबडी मुरवायला बाजारातली कोणती बाटली घ्यावी ते कळव. तू अजून त्या धंद्यातली माहीतगार. माझी जीभ तर मेली. आता सून चव बघून सांगते, तेव्हा मी मीठ घालते." हे वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणतात, "वयोमानानं होतं तसं." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

अगं, बावीस वर्षं तू त्या कारखान्याच्या चवखोलीत बसलीस! सॉस, चटण्या, कोंबडी-मासळी मुरवायची मिश्रणं, काय काय तुझ्या जिभेवरून गेलं आणि मगच बाटलीत भरलं गेलं. व्हिनेगर कालच्या पिंपातलं की आजच्या, हे तू अर्ध्या चमच्यात सांगायचीस. आणि तुझी सून, जी तूच लिहितेस की नुसत्या भातावर टोमॅटो सॉस ओतून जेवते, ती तुला मीठ सांगणार? वर पाहुण्यांसमोर म्हणणार, "आमच्या सासूबाईंना आता चव कळत नाही"? उचलली जीभ लावली टाळ्याला! तिच्याबद्दल मी हे लिहिलंय ते तिनंही खुशाल वाचावं.

रविवारी चष्मा घेऊन बसथांब्यासमोरच्या मोठ्या दुकानात गेले. म्हटलं, विचारलंय तर नीट बघून सांगावं. बाई गं, गुडघ्यापासून डोक्याच्या वर हात जाईल तिथपर्यंत बाटल्याच बाटल्या. एकतीस मोजल्या, मग सोडून दिलं. पहिलीवर लिहिलंय 'अस्सल घरगुती'. कुणाच्या घरची ते नाही लिहिलेलं. मागे वाचलं: पाणी, साखर, मीठ, स्टार्च. पुढे लसणाचा गड्डा छापलाय मुठीएवढा आणि आत लसूण दीड टक्का. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दुसरी म्हणते 'पाच मिनिटांत मुरते'. पाच मिनिटांत माणूस नीट भिजत नाही, कोंबडी काय मुरणार! तिसरी 'बिनसाखरेची', आणि यादीत दुसऱ्या नंबरावर खजुराचा पाक.

तिथली एक मुलगी आली. "काकू, काही मदत करू का?"

"हो. ह्या काळ्या मिरीच्या बाटलीत मिरी कुठे आहे ते दाखव."

तिनं बाटली फिरवली, पुन्हा फिरवली. "काकू, ही खूप खपते हो."

"खपते ते दिसतंय. मी मिरी विचारली."

तिनं मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, लोकांना हीच चव आवडते."

म्हटलं, "लोकांना दुसरी दाखवलीत कुठे?" तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. सगळे असेच हसून निघून जातात.

तरी तू विचारलंस म्हणून सांगते. जो पदार्थ जास्त, तो यादीत आधी लिहितात. तेव्हा पाणी आणि साखर पहिल्या असतील तर बाटली जागेवर ठेव. साखर जास्त असली की तव्यावर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आंबट जास्त असेल तर मासळी त्यात अर्ध्या तासाच्या वर ठेवू नकोस, भुसभुशीत होते. बाटलीत मीठ आधीच भरपूर असतं, वरून घालायच्या आधी थेंबभर तळहातावर घेऊन... बघ, मी हे कुणाला सांगतेय? तुला! यातलं अक्षर न् अक्षर तूच मला शिकवलंस. मी त्या खोलीत आले तेव्हा मला आंबट आणि तुरट यातला फरक सांगता येत नव्हता. तू डब्यातून कच्ची फळं आणायचीस आणि जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटायला लावून एकेक फोड तोंडात द्यायचीस. सगळा कारखाना आपल्याला थोरली-धाकटी म्हणायला लागला तो त्यामुळेच.

मग खालून दुसऱ्या कप्प्यात आपल्या कारखान्याची बाटली दिसली. लिंबू-मिरी. कारखान्यात माझ्यापुढे अजून वाट्याच येतात, बाटली नाही, आणि गेली सहा वर्षं मी दुकानातही त्या बाजूला बघत नाही. रविवारी बघितलं. पुढे मोठ्या अक्षरांत 'तीच चव, तोच विश्वास'. मागची यादी आपल्याला दोघींना पाठ होती: पाणी, मीठ, तेल, लिंबाचा रस, मिरी. चष्मा पुसून दोनदा वाचली. लिंबाचा रस नाही. त्याच्या जागी सायट्रिक ॲसिड, आणि शेवटी, 'लिंबाचा कृत्रिम स्वाद'. तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत छापलंय. थोरले, ते त्यांनी स्वतःच छापलंय! तू त्या दिवशी हेच म्हणाली होतीस. "हे आंबट आहे, पण लिंबू नाही. लिंबू जिभेच्या कडेला येतं आणि निघून जातं. हे बसून राहतंय." आणि त्यावर तुला काय ऐकून घ्यावं लागलं?

बाटली घेऊन मी दुकानात तिथेच फरशीवर बसले, तेव्हा ती मुलगी पुन्हा धावत आली. मी म्हटलं, चक्कर नाही, राग आहे. कारखान्याच्या साहेबाचा राग आला, कंपनीचा आला, 'विश्वास' छापणाऱ्याचा आला. बाटली घेऊन घरी आले, ओट्यावर ठेवली आणि दोन दिवस तिच्याशी भांडत बसले. पण खाई त्याला खवखवे. साहेबावर कितीही तोंडसुख घेतलं तरी राग काही संपेना.

तू म्हणशील, एवढं आहे तर धाकटे, त्या दिवशी तुला कसं लागलं नाही? मी तेव्हा सांगितलं होतं की मला सर्दी आहे. तुला ते खरं वाटलं. तू मला आल्याचा काढा आणून दिलास.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही आता. सर्दी नव्हती.

सगळं क्रमानं लिहिते. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण ज्याला ठाऊक नाही त्यालाही कळलं पाहिजे. त्या सकाळी साहेबांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. माझी नेमणूक तेव्हा हंगामी होती, आठ वर्षं हंगामीच. ते म्हणाले, "नव्या मिश्रणाचे पिंप भरून तयार आहेत. आज फरक निघायला नको, बाई. तुमचा कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावरच आहे." एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मी "बरं" म्हटलं.

मग आपण पाचही जणी लाल दिव्याच्या खोलीत गेलो, रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून तो दिवा. मध्ये फळ्या, कुणी कुणाचं बघायचं नाही. प्रत्येकीपुढे तीन वाट्या. दोन एकसारख्या, एक वेगळी, ती कोणती ते कागदावर लिहायचं. तिघी नव्या होत्या, त्यांचं चुकलं तर कुणी मनावर घ्यायचं नाही. तू आणि मी एकच वाटी वेगळी म्हणून ओळखली तर माल परत, हा नियम. मी पहिली वाटी चाखली. कोमट पाण्यानं चूळ भरली. मधली चाखली. थोरले, तिसरीची गरजच नव्हती. मधल्या वाटीतलं लिंबू लिंबू नव्हतं. माझ्या जिभेच्या कडेला काही आलं नाही, मध्यभागी येऊन बसलं, अगदी तू नंतर सांगितलंस तसंच. मी कागदावर लिहिलं: तिसरी. आणि खाली सही केली.

तू 'मधली' लिहिलंस. एकट्या तूच. साहेबांनी सगळ्यांसमोर तुझा कागद वर धरला आणि म्हणाले, "बाई, वय झालं. जिभेलाही पेन्शन द्यायला हवी." नव्या पोरी हसल्या. मी खाली बघत होते. तुला झाकणं लावायच्या विभागात पाठवलं आणि महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. जाण्याआधी जिन्यात मला थांबवून विचारलंस, "खरं सांग, तुला फरक लागला नाही?" मी रुमाल नाकाला लावून म्हटलं, "सर्दी आहे गं." तू म्हणालीस, "मग माझंच चुकलं असेल."

त्याच महिन्यात मी कायम झाले. तू आमच्या घरी फुलं घेऊन आलीस. ह्यांच्यापेक्षा तुलाच जास्त आनंद झाला होता.

मला वाटलं, नोकरी गेली एवढंच तुझं गेलं. नवऱ्याचं दुकान होतं, मुलगा कमवत होता, काही अडणार नाही, असं मी स्वतःला समजावत आले. मी तुझं दुसरं काही नेलं असेल हे मला शनिवारपर्यंत कळलं नव्हतं. सहा वर्षं तू स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्यासारखी उभी आहेस, चमचा सुनेपुढे धरून विचारतेस, "बघ गं, बरं झालंय का?" सुनेला तरी काय बोलू मी? तिला तूच सांगितलंस की तुझी जीभ मेली. आणि तुला ते सांगितलं साहेबांनी, माझ्या सहीच्या जोरावर. साहेबाला शिव्या घालणं सोपं होतं. माझी सही नसती तर त्यांना तोंड उघडता आलं नसतं.

मला क्षमा मागणं वगैरे जमत नाही, तू देऊही नकोस. मी हंगामी होते, गरज होती, हे खरं असलं तरी ते तुझ्यापुढे कारण म्हणून मांडायची माझी हिंमत नाही. फक्त एवढं लिहून देते: त्या दिवशी त्या खोलीत वेगळी वाटी मधली होती. ती तू ओळखलीस. तुझ्या जिभेला काहीही झालेलं नव्हतं.

बाटली कुठलीच घेऊ नकोस. दही, लसूण, आलं, मिरी, खरं लिंबू. प्रमाण मी सांगणार नाही.

आणि मी तुला ओळखते. हे वाचून तू पत्राची घडी घालशील, कपाटात साड्यांखाली ठेवशील आणि घरात सांगशील, "धाकटीचं पत्र, खुशाल आहेत सगळे." चौदा वर्षं माझ्या चुका तू अशाच पोटात घातल्यास. या वेळी ते चालणार नाही. म्हणून याच पत्राची दुसरी प्रत तुझ्या सुनेच्या नावानं, याच्याबरोबरच पोस्टात टाकतेय. परवापर्यंत पोचेल.

मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. मीठ मात्र यापुढे कुणाला विचारून घालू नकोस.

तुझी जीभ शाबूत आहे हे सहा वर्षं एकटीच जाणणारी,
धाकटी