ज्याची चूक त्यानेच सांगावी

४ मे

पुन्हा फळा लिहिला. क्लबाच्या बातम्या! बातम्या कसल्या — कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाचा गुडघा धरलाय आणि टाचांचे बूट घालून गवतावर चालू नये. माझं अक्षर बरं, म्हणून हे माझ्या गळ्यात. वाचतं कोण? जो तो आपलं नाव शोधतो, सापडलं की पुढे जातो.

लांब दांड्याच्या लाकडी हातोड्याने, म्हणजे मॅलेटने, चेंडू कमानींतून काढायचा हा क्रोके सभ्य माणसांचा खेळ, असं आमचे अध्यक्ष उठता-बसता सांगतात. अध्यक्ष म्हणजे दंतवैद्य. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालायचं आणि संध्याकाळी पांढरी विजार चढवून हिरवळीवर मिरवायचं. त्या विजारीची कंबर मीच माझ्या शिवणाच्या दुकानात सोडून देते. आता आत कापड उरलेलं नाही. तरी थाट असा, की गवत ह्यांच्यासाठीच उगवलंय.

बातमी म्हणावी तर एकच. ढालीच्या उपांत्य सामन्यात आमच्या ह्यांनी दंतवैद्याला हरवलं. फळ्यावर मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं.

५ मे

गवत कापलं. तेवढ्यासाठी तिघेजण खुर्च्या टाकून बघत बसले होते!

७ मे

दंतवैद्य दुकानात. विजार आणलेली नव्हती, तेव्हाच ओळखलं की दुखणं वेगळं आहे.

“वहिनी, राग मानू नका. पण परवा तुमच्या ह्यांचा फटका दोनदा वाजला.”

म्हणजे काय, ते मला शिकवायला नको. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला खेटून पडला की मारताना मॅलेट आपल्या चेंडूला दोनदा लागू शकतं. तो फटका बाद. डोळ्याला काही दिसत नाही, कानालाच कळतं — एक ‘टक’ की ‘टक-टक’. आणि पंच नसतो. ज्याने मारलं त्यानेच हात वर करून सांगायचं, माझं चुकलं. ह्याचाच तर मोठा अभिमान आमच्या क्लबाला!

“तुम्हाला ऐकू आलं तर तेव्हाच का नाही बोललात?” मी.

“बोलायचं कसं हो? ज्याची चूक त्यानेच सांगावी. रीत आहे.”

हरल्यावर बरी रीत आठवते! म्हटलं, खोटं बोलायचं तर तोंड उघडावं लागतं, आमच्या ह्यांना तेवढेही कष्ट सोसत नाहीत. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला एक खोटी गोष्ट सांगितलेली नाही. हरलेल्यांची हीच तऱ्हा, नाचता येईना अंगण वाकडं. गेला.

८ मे

बिनतारीच्या कानावर गेलंय. ही आमच्या क्लबातली विमा विकणारी बाई. विमा कमी विकते, बातम्या जास्त. आता माझ्या फळ्याची गरज नाही.

“मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात,” असं म्हणाली. म्हणजे हीच म्हणते.

१० मे

अंतिम सामना. आज नीट लिहायचं आहे.

मी मुद्दाम चौथ्या कमानीपाशी उभी राहिले, अगदी जवळ. समोर नवा गडी, बँकेतला, अजून मॅलेटवरची किंमतही पुसलेली नाही. ह्यांचा काळा चेंडू त्याच्या लाल चेंडूला जवळजवळ चिकटून. सगळे गप्प. बिनतारीसुद्धा!

ह्यांनी मारलं. टक-टक.

मला ऐकू आलं. स्वच्छ. बँकवाल्याने चमकून वर पाहिलं, दंतवैद्याने माझ्याकडे. मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले. आत्ता वर जाईल, आत्ता जाईल. गेला नाही. हे शांतपणे पुढच्या फटक्याला गेले, चेहऱ्यावर रेघ नाही! आणि जिंकले. ढाल घेतली, हसून फोटो काढला.

घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. मी त्या दंतवैद्याला काय काय बोलले! आणि घरातच हे. दोन पैशांची ढाल, तिच्यासाठी? चेंडूबद्दल जो इतक्या गोगलगायीच्या चेहऱ्याने लबाडी करतो, तो मला काय काय सांगत नसेल? हेच डोक्यातून जात नाही. मला क्लबाचं काही नाही. मला हा माणूस ओळखीचा राहिला नाही, त्याचं आहे.

११ मे

अबोला धरला.

१२ मे

अबोला चालू. ताट आदळलं. ढिम्म!

१४ मे

अजून अबोला. ह्यांच्या लक्षात आलेलंच दिसत नाही! मधूनच माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, मग मान खाली. मन खात असणार. खाऊ दे.

१५ मे

समितीची सभा. समिती म्हणजे दंतवैद्य, बिनतारी आणि डुलक्या काढणारे खजिनदार. चहाच्या खोलीत टेबलं जोडून न्यायालय मांडलं होतं. दंतवैद्याने घसा असा साफ केला, की फाशीच सुनावतोय.

मला वाटलं होतं, हे निदान म्हणतील की मला नाही तसं वाटलं. तेवढं म्हणाले असते तरी मी चिकटून राहिले असते त्या एका वाक्याला. हे दंतवैद्याच्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेत होते. मग उठले आणि म्हणाले, “हो. चेंडू दोनदा लागला, मला माहीत होतं. सांगितलं नाही. दोन्ही सामन्यांत.” ढाल टेबलावर ठेवली, टोपी घेतली, चालायला लागले.

खजिनदार जागे झाले!

बिनतारी माझ्या दंडाला धरून म्हणाली, “वहिनी, फळा आज तुम्ही नका लिहू, मी लिहिते.” म्हटलं, तुझं अक्षर बघितलंय मी. आणि लिहिलं. माझ्याच हाताने — लबाडीच्या कारणावरून सदस्यत्व रद्द. अक्षर कुठेही हललं नाही.

१७ मे

आज दुपारी दुकानात सभागृहातून फोन. कार्यक्रम जवळ आलाय, पियानो जुळवायला साहेब कधी येतात? “त्यांच्यासारखा कान गावात दुसऱ्या कोणाचा नाही हो! आम्ही कानाचेच पैसे देतो.” मनात म्हटलं, कान असेल, बाकी काही नाही. पण घर ह्यांच्या कामावर चालतं, माझ्या दुकानातून भाडं निघतं एवढंच. निरोप तर द्यायला हवा. अबोला मोडावा लागणार म्हणून आणखी चिडले.

मागच्या खोलीत गेले. हे दुरुस्तीला आलेल्या पियानोवर वाकलेले. उजवीकडची शेवटची पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होते आणि बघत होते खाली, एका डबीवजा यंत्राकडे. त्यात काटा हलत होता. दारातून म्हटलं, सभागृहाचा फोन होता. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, जोरात. नाही. चिडून खांद्यावर हात ठेवला, तर केवढे दचकले!

मग माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि खाली बसले.

“ही पट्टी दाब,” म्हणाले. दाबली. बारीक, काचेवर नखाने मारावं तसा आवाज. “तुला सूर ऐकू येतो ना? मला फक्त पट्टीचं लाकूड आपटलेलं कळतं. वरचे सूर सगळे गेलेत. काट्यावर जुळवतो हल्ली.”

“आणि चेंडू?”

“मला एकदाच वाजतो गं. हात कशासाठी वर करू?”

“मग सभेत तसं सांगायचं नाही? माहीत होतं कशाला म्हणालात? लबाड म्हणून लिहिलं मी फळ्यावर!”

“लबाडाकडून लोक पियानो जुळवून घेतात,” हे म्हणाले. “बहिऱ्याकडून कोण घेईल?”

मी रडले. रागानेच. मला का नाही सांगितलं, म्हणून ओरडले. म्हणाले, तुझ्या पोटात काही राहत नाही, तावातावाने क्लबात जाऊन सांगितलं असतंस. सांगितलं असतंच! मग म्हटलं, मी इतके दिवस बोलत नव्हते तेही कळलं नाही?

“बोलत नव्हतीस?” असे बघत राहिले माझ्याकडे. “मला वाटलं, आता तुझाही आवाज गेला.”

पुढे लिहवत नाही.

१८ मे

दुकान बंद ठेवून ह्यांच्याबरोबर सभागृहात गेले. व्यवस्थापकाला सांगितलं, सहज आले, आतून कधी बघितलेलं नाही. हे पट्टी दाबायचे, सूर लागला की मी मान हलवायची, नाही तर नाही. अडाणी कान माझा, पण काट्यापेक्षा बरा आहे म्हणाले.

२३ मे

दंतवैद्य दुकानात. ह्या वेळी विजार होती. घुटमळला, मग म्हणाला, “वहिनी, रात्री झोप लागत नाही. तुमचे हे तसे सरळ माणूस. वाटतं... ऐकूच आलं नसेल का हो त्यांना? तसं असेल तर समिती निर्णय मागे घेईल, ढालही परत देऊ. बिनतारीलाही तसंच वाटतंय, उद्या चार लोकांना विचारते म्हणाली.”

इतक्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा माणसासारखा बोलला. मी टाचणी दातांत धरली, कंबरेचं माप घेतलं.

म्हटलं, “छे! कान चांगले तिखट आहेत त्यांचे. लबाडच आहे तो.”