पूर्वेकडचा जिना

१२ नोव्हेंबर
नोंदणीचा कागद आला. आता नावाआधी आर्किटेक्ट लावता येईल, कायद्यानं. बाबा खाणीतली पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले, मगच कागद हातात धरला. मोठ्यानं वाचला. माझं नाव दोनदा वाचलं. आई फ्रेम करायचं म्हणते. उद्या ऑफिसात पेढे.

१३ नोव्हेंबर
सर माझ्यापेक्षा खूश. लगेच माझ्या नावाचा रबरी शिक्का करायला टाकला, नोंदणी क्रमांकासकट. केवढं कौतुक! नागपुरात तीन ठिकाणी नाही ऐकून आले होते. यांनी पहिल्याच दिवशी टेबल दिलं, आडनाव विचारलं तेही फक्त हजेरीसाठी. रोज घुग्घुसहून चंद्रपूरला बसनं येते, उशीर झाला तरी कधी बोलले नाहीत.

१७ नोव्हेंबर
एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका गावात मुलींचं वसतिगृह. बांधून झालंय, पुढच्या महिन्यात उद्घाटन. पूर्णत्वाचे नकाशे द्यायचे. सरांनी जुना मंजूर नकाशा दिला, म्हणाले हाच नीट काढ. खाली जेवणघर आणि वर्ग, वर निजायच्या खोल्या, मधून व्हरांडा, दोन टोकांना दोन जिने. पूर्वेच्या जिन्यात एक पायरी कमी पडत होती, ती बसवली. अठरा झाल्या. मजा आली. कोपऱ्यात माझा शिक्का, माझी सही. सोबत आणखी कागद होते, त्यांवरही. सर म्हणाले, "कर बेटा, माणूस थांबून राह्यला." केल्या.

२४ नोव्हेंबर
सर लग्नाला नागपुरात. गडचिरोलीच्या सरकारी कार्यालयातून फोन, वसतिगृहाच्या इमारतीचे चारही बाजूंनी फोटो पाहिजेत. मीच जाते म्हटलं. सरांना कशाला लग्नात त्रास द्यायचा. आपण काढलेली इमारत उभी बघायची हौसही आहे. राजूभाऊंची गाडी सांगितली. पहाटे निघायचं.

२५ नोव्हेंबर
काय लिहू.
आलापल्लीपर्यंत रस्ताभर ट्रक. पुढे सागवान, मग मोकळ्या बांध्या, धानाची कापणी चालू. अकराला पोचलो. इमारत लांबून छान दिसली, पिवळसर रंग, अजून वास येत होता. समोरचा फोटो काढला. पश्चिमेचा जिना पाहिला, बरोबर. चालत पूर्वेला गेले.
जिना नाही.
आधी वाटलं माझंच दिशेचं चुकलं. शीट उलटं धरून पाहिलं. पुन्हा इमारतीला फेरी मारली. पूर्वेला सरळ भिंत. गिलावा, रंग, खाली झेंडूचा वाफा. राजूभाऊ विचारत होते, "काय शोधून राह्यल्या मॅडम?"
वर गेले. व्हरांड्याच्या पूर्व टोकाला दार मात्र आहे. नकाशात आहे तिथेच, तेवढंच. कडीला तार गुंडाळलेली. तार सोडवून दार उघडलं. बाहेर काहीच नाही. खाली वाफा.
मागे एक मुलगी उभी होती, आठवीतली, सुनी नाव. शांतपणे म्हणाली, "ताई, ते दार आमी नाई उघडत. मागं लहानी पोरगी पडता पडता राह्यली."
मी विचारलं वर कोण झोपतं. सगळ्याच, म्हणाली. उद्घाटन व्हायचंय, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली राहायलाच आल्यात. सतरंज्या एकीला एक लागून. खिडक्यांना जाळ्या, पक्क्या.
मग अधीक्षिकाबाई आल्या. साध्या, दमलेल्या बाई. घरच्या लेकीला विचारावं तसं जेवलीस का विचारलं. त्यांच्याकडूनच कळलं की पश्चिमेच्या जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार आहे, त्याला संध्याकाळी बाहेरून कुलूप. चावी त्यांच्या खोलीत, मैदानापलीकडे.
"मुलीची जात हाये, बाई. काही झालं तं मलेच धरतीन. कुलूप लावाच लागते."
मी म्हटलं आग लागली तर? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाईट वाटल्यासारखं नाही. कोणी पहिल्यांदाच विचारावं तसं.

२५, पुढे
तिथं रेंज नाही. आलापल्लीला आल्यावर सरांना फोन केला. मागे लग्नाचा बँड. म्हटलं, सर, पूर्वेचा जिना बांधलाच नाही. मग म्हणाले, "तू काऊन गेली तिकडं?"
म्हणजे माहीत होतं.
म्हणाले जिना पुढच्या निधीत होईल, त्या बाजूचा फोटो नको पाठवू. मुली निजतात वर, मी म्हटलं. म्हणाले चंद्रपुरात बोलू.
राजूभाऊंनी चहासाठी थांबवलं, मी गाडीतच नकाशा उघडून बसले.

२६ नोव्हेंबर
सर यायच्या आधी फाईल काढून वाचली. त्या दिवशी सही केलेले कागद, पूर्णत्वाचा दाखला. दुसऱ्या पानावर: मी स्वतः स्थळाची पाहणी केली असून बांधकाम सोबतच्या नकाशाप्रमाणे पूर्ण आहे. खाली माझी सही. झोकदार. नवीन शिक्का किती स्वच्छ उमटलाय.
मी. मीच लिहून दिलंय.
तेव्हा एटापल्ली पाहिलंही नव्हतं. वाचलंच नाही. पाच वर्षं शिकले आणि एक पान वाचलं नाही.
आणखी एक कळलं. आमच्या टायपिस्ट ताईंना विचारलं, आधी सही कोण करायचं. म्हणाल्या, एक म्हातारे आर्किटेक्ट होते, गेल्या वर्षी वारले. सर? "सर डिप्लोमावाले हायेत ना, त्यांची सही नाई चालत." पाटीवर आर्किटेक्ट लिहिलंय. मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे टेबल मला नव्हतं दिलं. माझ्या येणाऱ्या नोंदणीला दिलं होतं.

२७ नोव्हेंबर
सर आले. ओरडतील वाटलं होतं. चहा मागवला. म्हणाले ठेकेदारानं स्लॅब झाल्यावर हात वर केले, उद्घाटन ठरून गेलं, वरून रोज फोन. जिना ते बांधणारच आहेत. तीस वर्षांत आपल्या इमारतीत कोणाला खरचटलंही नाही. हे सगळं खरं असेलही. मी म्हटलं, दाखला परत घेते. तेव्हा कप खाली ठेवला.
"घे. पण नंबर तुझा हाये, बेटा. जाईल तं तोच जाईल. माझं नाव कुठीच नाई."
रागावून नाही म्हणाले. समजावून.

२८ नोव्हेंबर
ऑफिसला गेले नाही. आईला अंग दुखतंय सांगितलं. बाबांना खरं सांगावं लागलं, ते तोंड पाहून ओळखतात. फ्रेम कालच आली आहे, दारासमोरच लावली, येणाऱ्याला दिसावी म्हणून. तिच्याखाली बसूनच सांगितलं.
बाबांनी खाणीत नवीन लागले तेव्हाचं सांगितलं. तेव्हा जमिनीखाली काम होतं. एकदा दुसऱ्या वाटेत माती ढासळली, तर पूर्ण पाळी वरच बसून राहिली. साहेब चिडले, पण कोणी उतरलं नाही.
"बाहेर निघायले दोन रस्ते नसतीन, तं माणूस खाली सोडत नाई, पनू. आम्ही अडाणी होतो तरी आमाले मालूम होतं."
एवढंच. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. फ्रेमकडे एकदाही पाहिलं नाही.

१ डिसेंबर
पत्र दिलं. गडचिरोलीला स्वतः जाऊन. स्थळ न पाहता दाखला दिला ही माझी चूक, तो मी मागे घेत आहे, पूर्वेचा जिना अस्तित्वात नाही, तो होईपर्यंत मुलींना वर निजवू नये. चार वेळा लिहिलं, तेव्हा चार ओळींचं झालं. टेबलावरच्या साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "मॅडम, तुम्ही स्वतःविरुद्धच लिहून दिलं की." हो म्हटलं. पोच दिली. बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. रडू नाही आलं. येईल वाटलं होतं.

३ डिसेंबर
माझ्या टेबलावर दुसरा मुलगा बसलाय, नुकताच पास झालेला. सरांनी माझी स्केलपट्टी, पेनं कागदात नीट बांधून ठेवली होती. शिक्का दिला नाही. मागितला. शोधतो म्हणाले. मी तिथंच उभी राहिले. मग टायपिस्ट ताईंनी ड्रॉवरमधून काढून दिला, सरांकडे न बघता. त्या मुलाला बाहेर गाठून सांगितलं, सही करायच्या आधी वाच. त्याला राग आला बहुतेक.

६ डिसेंबर
कार्यालयातून फोन. सोमवारी स्थळपाहणी, हजर राहा. सरही येणार, ठेकेदारही. नोंदणी देणाऱ्या परिषदेला माझ्याबद्दल कळवायचं की नाही, ते पाहणीनंतर ठरेल.
लोखंडी जिना भिंतीला बाहेरून बसवता येईल. काढून पाहिला. महिन्यात होऊ शकतो. नकाशा सोबत नेते. कोणी मागितलेला नाही.

७ डिसेंबर
संध्याकाळी अधीक्षिकाबाईंचा फोन. रेंजसाठी टेकडीवर चढून आल्या होत्या, धाप लागली होती. ठेकेदाराची माणसं आलीत, वरच्या सतरंज्या, पेट्या सगळ्या खाली वर्गात आणून ठेवताहेत. उद्या साहेबांना सांगायचं, मुली पहिल्यापासून खालीच झोपतात. पाहणी झाली की परत वर. मुलींनाही शिकवून ठेवलंय.
म्हणजे माझं पत्र खोटं ठरणार.
बाई म्हणाल्या, "मी काय सांगू ताई?"
जे आहे ते सांगा म्हटलं. वारा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, सोळा वर्षं झाली नोकरीला, नवरा नाही, दोन लेकरं. मला बाबा आहेत, घर आहे. त्यांना खरं सांगा म्हणणारी मी कोण.
मग फोन कट झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, कळलं नाही. चारदा लावला. लागत नाही.
बाबांनी रजा टाकली आहे. सोबत येतो म्हणाले. पहाटे पाचला निघायचं.