मास्क काढणे-घालणे : उत्तम

प्रिय दादा,

हे पत्र मी महिनाभर टाळलं. दोनदा कागद घेऊन बसलो, दोन्ही वेळा उठलो. तिसऱ्यांदा कागदाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल खरंच डुगडुगायचं थांबलं, म्हणून ती तिथंच राहू दिली. तू म्हणशीलच की मी कुठलंही काम तडीला नेत नाही. हे नेतो. वहिनीनं कळवलंय की शाळेला सुट्टी लागली की तू बेडकीला पाण्याखाली नेणार आहेस, त्याच खाणीत. तुझी अकरा वर्षांची पोरगी, वडील नेणार म्हणून आत्तापासून हवेत तरंगत असेल. लिहायचंय त्याबद्दलच. पण मला कुठंही सरळ जाता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आधी माझी खबर. मी आता भटकत नाही. आठ महिने झाले, एकाच ठिकाणी आहे, मत्स्यालयात. मोठ्या टाकीत उतरायचं आणि आतून काच पुसायची, हे काम. शाळेची पोरं काचेला नाकं चिकटवून उभी असतात, मी आतून त्यांच्या नाकांवरून फडकं फिरवतो. टाकीत एक म्हातारा, जाड ओठांचा मासा आहे, थेट आपल्या मोठ्या काकांसारखा. कुणी काम करताना दिसलं की आडवा येतो. तर सांगायचं हे की मला रोज दीड तास पाणी मिळतं. उबदार, स्वच्छ, तळ दिसणारं. काच झाली की मी तळावर गुडघे टेकतो, डोळ्या-नाकावरचा मास्क काढतो, वीस आकडे मोजतो, परत चढवतो, वरची कड दाबून नाकानं फुंकर मारतो आणि आतलं पाणी बाहेर काढतो. रोज. आपण दोघं शहर पालथं घालून जे शोधत होतो, ते मला माशांच्या घरात सापडलं.

आठवतं ना ते शोधणं? सिलिंडर लावून पाण्याखाली उतरायला शिकवणाऱ्या मास्तरांनी एकेक वही हातात दिली होती. पंधरा कौशल्यं, प्रत्येकाचा तीनदा सराव, आणि पुढे जोडीदाराची सही. वही भरली की खोल पाण्यात उतरायचं कार्ड. सराव कुठं करायचा, ते आपलं आपण बघायचं. पालिकेच्या तलावावरचा तो शिट्टीवाला म्हणाला, "सिलिंडर? इथं? फरशी फुटली तर तुमचा बाप बसवणार का?" बापाचं नाव निघालं म्हणून तू बाह्या सरसावल्यास, आणि मी मधेच म्हटलं, अहो, सतरा फरशा आधीच फुटल्यात, मोजून बघा. दोघांनाही बाहेर काढलं. शाळेच्या तलावात पाणीच नव्हतं, मोडकी बाकं रचली होती. तू तरी आत उतरून चालून आलास, खोली बघायला म्हणे. त्या दिवशी आपण परत येताना इतके हसलो की बसचा थांबा चुकला. मला वाटतं, आपण दोघं मिळून हसलो तो शेवटचा दिवस.

मग ते हॉटेल. छातीएवढं पाणी, कडेला खुर्च्यांवर पाहुणे, आणि पोरांच्या रबरी बदकांमध्ये आपण दोघं पाठीवर लोखंड बांधून. तू तळाशी बसलास, मास्क काढलास आणि उभा राहिलास, खोकत. पुन्हा बसलास, पुन्हा उभा. तिसऱ्यांदा एका पोरानं त्याच्या आईला विचारलं, "हे काका बुडतायत का?" आणि अख्खा तलाव हसला. तेवढ्यात मॅनेजर आला, पाच मिनिटांत बाहेर व्हा म्हणाला. तू त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस. मी हसलो नव्हतो, दादा. मला हसू आलं होतं, पण मी हसलो नव्हतो.

आणि मग ती पाण्यानं भरलेली दगडाची जुनी खाण. हिरवं, गार पाणी, तळाला पिठासारखा गाळ. तीन मजले खाली होतो आपण. तुझा पाय तळाला लागला, गाळ उठला, आणि तुझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. थोडंसंच. मी तुझ्यापासून दोन हातांवर होतो. तुझा दंड धरला, तो मला अजून बोटांत जाणवतो. तू तो हिसडून सोडवलास आणि सुटलास, बाटलीचं बूच उडावं तसा, सरळ वर, जे कधीच करायचं नसतं. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे मी एक मिनिट तुला शोधलं, मग हळूहळू, मधे थांबत वर आलो. काठावर तू नाकातलं रक्त पुसत होतास. मला पाहिलंस आणि कानाखाली ठेवून दिलीस. "कुठं उलथला होतास?" घरी आईला सांगितलंस की हा खाली भरकटला, याला शोधता शोधता माझी ही गत झाली. आईला तर लगेच पटलं. पटणारच, लहानपणी मला दूध आणायला धाडलं की मी कुणाच्या तरी गच्चीवर पतंगांमागे सापडायचो. चार दिवस ती माझ्याकडे न बघता ताट वाढत होती. पाचव्या दिवशी मी पिशवी उचलली. तू जिन्यात उभा होतास, बाजूला सरकलास. एवढंच.

सगळ्यांना वाटतं, मी रुसून गेलो. तुलाही वाटतं, भावाची लाज राखायला मी गप्प बसलो. इतका चांगला मी नाही. मी गप्प बसलो, कारण तुझ्या वहीतली सही माझी होती. हॉटेलातून घरी आल्यावर तू म्हणालास, "लिहून टाक झालं म्हणून, मी बादलीत तोंड घालून करतो." मी लिहिलं, 'मास्क काढणे-घालणे : उत्तम'. तीनदा, तीन वेगळ्या तारखा टाकून. वर शेजारी एक मासाही काढला. त्याच्या बदल्यात तू माझी किती खोल किती वेळ थांबायचं ती गणितं सोडवून दिलीस. तुला त्या सहीनं खाली नेलं, आणि वर आल्यावर मार मी खाल्ला. बरोबरच होतं, फक्त कारण चुकीचं होतं. वहिनी म्हणते, तुझा उजवा कान अजून गुणगुणतो आणि डॉक्टरांना तू सर्दी झाली होती म्हणून सांगितलंस. आता त्याच वहीच्या जोरावर तू बेडकीला नेणार. तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं तर ती तुझा दंड धरेल, दादा. तुझ्या मास्कमध्ये शिरलं तर तू काय करतोस, ते मी पाहिलंय. म्हणून लिहितोय. मत्स्यालय सांभाळणाऱ्या बाईंना विचारून ठेवलंय. सकाळी आठ ते नऊ टाकी रिकामी असते, म्हणजे माशांशिवाय कुणी नसतं. हसायला पोरं नसतात. आधी डॉक्टरांना खरं सांगून कान दाखव, मग ये. माझ्यासमोर तीनदा मास्क काढ, घाल, मी खरी सही करतो. नाही आलास तर सुट्टी लागण्याआधी मी वहिनीला सगळं सांगणार. मला वाईट ठरायची सवय आहे, तू लावलीस.

तुझाच,
भरकट्या

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी सांगायला आला की बाहेर तुमच्या घरचं कुणीतरी आलंय. मला वाटलं, तूच. वहिनी आहे. बेडकी काचेपाशी त्या म्हाताऱ्या माशासमोर गाल फुगवून उभी आहे. वहिनीनं पिशवीतून तुझी वही काढली, माशाचं चित्र असलेलं पान उघडलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "भाऊजी, ही सही तुमचीच ना?"