जांभळीचं पाणी

जुने शहर, अकोला
४ मार्च २०२४

चि. ज्योत्स्नास देवरावदादाचा जयभीम व आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस नि मी ओरडतो, म्हणून कागद घेतला. परवा तुझ्याकडे चहा पिताना मागचं दार चौकटीला घासलेलं ऐकलं. तू म्हणालीस, लाकूड फुगलं. बाई, मार्चात अमरावतीचं लाकूड फुगत नाही, आकसतं. फरशीवर बोटं वाजवली तर खाली पोकळ. तो कोपरा खाली चालला आहे.

प्लॉट म्हणजे मुरमाची जुनी खदान, वरून भरलेली. म्हणून तर जावईबापूंनी माझ्याकडून पायाखाली पाइल, खोल रुतवलेले काँक्रीटचे खांब, घालून घेतले. भराव कोरडा तोवर दगड. भिजला की बसतो, आणि बसताना पाइलला लटकतो, पोहणाऱ्याच्या गळ्यात बुडणारा पडावा तसा. पाइल मोडलेले नाहीत, खाली ओढले जात आहेत. तिथं पाणी कुठून मुरून राहिलं ते शोध. चहा मात्र पाण्यासारखाच होता, तो मुरणार नाही.

तुझा
दादा


राजापेठ, अमरावती
११ मार्च

ती. दादांना ज्योत्स्नाचा स. जयभीम, वि. वि.

प्लंबरनं नळ, टाकी, संडासाची लाइन, सगळं पाहिलं. कुठंच गळत नाही. मग मी मागच्या दाराशी जांभळीपाशी जाऊन बसले. यांची राख घातली तिथंच ती लावली. तेव्हापासून रोज पाइप सोडून ठेवते. डायलिसिसवर होते तेव्हा यांना घोटभर पाणी जास्त द्यायची सोय नव्हती. मागायचे, मी तोंड फिरवायची.

दादा, तेच पाणी तर नसेल ना?

तुमची
ज्योत्स्ना


अकोला, १५ मार्च

चि. ज्योत्स्ना, जयभीम.

तेच आहे. पाइप आजच बंद कर, लोटाभरही नको. मले दुसरा इलाज दिसत नाही. नवे पाइल घालावे तर मशीन तुझ्या बोळीत शिरत नाही. झाड जाईल. घराचं मात्र सांगता येत नाही, भराव जेवढा भिजला तेवढा बसूनच थांबेल. मले शिव्या दे, पण ऐक.

दादा


अमरावती, ९ मे

ती. दादांना स. जयभीम.

पाइप गुंडाळून ठेवला. जांभूळ एप्रिलातच करपली. पानं वाजायची, मी खिडकी लावून घ्यायची. मागच्या भिंतीला भेग पडली, ती थांबली नाही. आता तिच्यातून शेजारचं अंगण दिसतं. तुम्ही पाठवलेल्या इंजिनिअरनं काल सांगितलं, घर सोडा.

रविवारी सामान घेऊन येते. बुंध्याची माती सोबत आणते आहे, एक कुंडी पाहून ठेवा. भोक नसलेली चालेल. पाणी घालायचं नाही.

माया आहे तेवढी असू द्या.

ज्योत्स्ना